फाईल कुठे थांबवायची

रूट कॅनलच्या केसपेपरवर कोपऱ्यात एक ओळ असते. ‘३६ : एमबी २०, एमएल १९.५, डी २०.५’ अशी काहीतरी. रुग्ण ती वाचत नाही आणि वाचली तरी त्याला फारसे कळणार नाही. खालच्या डाव्या बाजूच्या पहिल्या दाढेत तीन नलिका सापडल्या आणि दाढेच्या माथ्यावरच्या ठरलेल्या खुणेपासून प्रत्येकीत किती मिलिमीटर आत जाऊन थांबायचे ते नक्की केले, एवढाच त्या ओळीचा अर्थ. या आकड्यांना वर्किंग लेंग्थ म्हणतात. नलिका घासून रुंद करणारी प्रत्येक फाईल, औषधाने धुणारी सुई आणि शेवटी भरायचा गटापर्चाचा कोन ही सगळी मंडळी याच आकड्याच्या हिशेबाने चालतात. आकडा चुकला की पुढचे काम कितीही सफाईचे असो, ते चुकीच्या जागी झालेले असते.

या एका आकड्यावर मराठीत स्वतंत्र पुस्तिका निघते आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो. बी.डी.एस.च्या पाठ्यपुस्तकांत हा विषय थोडक्या पानांत उरकलेला असतो आणि ती पानेही इंग्रजीत. लातूर, धुळे, कुडाळ अशा ठिकाणांहून मराठी माध्यमात शिकून आलेली मुले व्याख्या पाठ करतात, तोंडी परीक्षेत ती बिनचूक म्हणतात आणि पहिली फाईल हातात आली की अडखळतात. खुर्चीजवळचे शिकवणे मात्र मराठीतच चालते. ‘शॉर्ट आहे, अर्धा मिलिमीटर पुढे घे.’ ‘ओव्हर गेलीस, मागे ये.’ ‘स्टॉपर तिरका झालाय बघ.’ ही खरी शिकवणी, आणि ती छापील पानावर क्वचितच येते. लेखिकेने ती जशीच्या तशी पानावर आणली आहे. गावात एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या दंतवैद्यालाही या पुस्तिकेचा उपयोग होईल. त्याच्या शेजारी ‘बरोबर आहे’ म्हणायला कोणी सर उभे नसतात.

रूट कॅनलमधली बाकीची कामे थोडीफार डोळ्यांसमोर होतात. कीड काढताना दिसते, नलिकांची तोंडे आरशात दिसतात, मायक्रोस्कोप असेल तर आणखी खोलवरचे दिसते. मुळाच्या शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये काय चालले आहे ते मात्र कोणालाच दिसत नाही. फाईलचे टोक तिथे पोचल्याचा पुरावा कायम अप्रत्यक्ष असतो. बोटांना जाणवलेला अटकाव, फिल्मवरची सावली, यंत्राच्या पडद्यावर सरकणाऱ्या रेघा, कागदी कोनाच्या टोकाला लागलेला ओलावा. यातला कोणताही पुरावा एकटा पुरेसा नाही आणि कोणताही अगदी टाकाऊ नाही. दंतवैद्य त्यांचा मेळ घालून आकडा ठरवतो आणि काम पुढे सरकेल तसा तो पुन्हा तपासतो. ही जबाबदारी त्याला यंत्रावर ढकलता येत नाही. पुस्तिकेचा गाभा मी असा समजतो आणि या प्रस्तावनेत त्याचाच थोडा विस्तार करतो आहे.

आधी जागा समजून घेऊ. नलिका दाताच्या पोकळीतून निघते आणि मुळाच्या टोकाकडे निमुळती होत जाते. टोकाच्या थोडे अलीकडे ती सर्वांत अरुंद होते, तिथून पुढे पुन्हा रुंदावते आणि मुळाच्या पृष्ठभागावर उघडते. दोन नरसाळी नळीकडून एकमेकांना जोडावीत तसा हा शेवट असतो, फक्त बाहेरचे नरसाळे अगदी बुटके. अरुंद जागेला एपिकल कन्स्ट्रिक्शन म्हणतात आणि बाहेरच्या तोंडाला एपिकल फोरामेन. फाईलने अरुंद जागेपाशी थांबावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. तिथे जखमेचे तोंड सर्वांत लहान राहते, भरताना गटापर्चाला टेकायला आधार मिळतो आणि पलीकडच्या जिवंत ऊतींना धक्का लागत नाही.

मुळाचे टोक आणि फोरामेन एकाच ठिकाणी असतात, हा समज मात्र पहिल्याच दिवशी सोडावा लागतो. मेक्सिकोचे युरी कटलर यांनी मुळांची टोके सूक्ष्मदर्शकाखाली मोजून १९५५ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. फोरामेनचा मध्य बहुतेक दातांत मुळाच्या टोकापासून बाजूला सरकलेला असतो आणि वयाबरोबर हे सरकणे वाढते, असे त्यांना आढळले. अरुंद जागेपासून फोरामेनपर्यंतचे अंतर १८ ते २५ वयोगटात सरासरी ०.५२४ मिलिमीटर भरले, पंचावन्नच्या पुढच्या वयात ०.६५९. मुळाच्या टोकावर सिमेंटमचे थर आयुष्यभर चढत राहतात, हे त्यामागचे कारण. अर्धा ते एक मिलिमीटर वजा करण्याची जी प्रथा जगभर रूढ झाली, तिच्या मुळाशी ही मोजमापे आहेत. पण ती सरासरी आहे, हे विसरायचे नाही. समोर खुर्चीत बसलेल्या माणसाचा दात सरासरीत बसेलच असे नाही.

दंत महाविद्यालयात पहिली फाईल काढलेल्या दातावर चालवतात. मुले ओरल सर्जरी विभागातून दात मागून आणतात, स्वच्छ करून बाटलीत ठेवतात. पोकळी उघडायची, १० नंबरची जांभळ्या मुठीची फाईल नलिकेत सोडायची आणि मुळाच्या टोकाकडे भिंगातून पाहत राहायचे. फाईल टोकातून बाहेर येईल, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. कितीदा तरी ती टोकाच्या कुशीतून बाहेर डोकावते, कधी टोकापासून चांगली एक मिलिमीटर अलीकडे. त्याच दाताचा समोरून एक्स-रे काढला तर फाईल आतच आहे, आणखी पुढे न्यायला वाव आहे, असे वाटते. डोळ्यांनी पाहिले तर ती दाताबाहेर आलेली आहे. तिसऱ्या प्रकरणात लेखिकेने हा प्रयोग पायरीपायरीने दिला आहे. तो नुसता वाचून सोडू नये, दात हातात घेऊन करावा. एक्स-रेच्या मर्यादेबद्दल दहा व्याख्याने ऐकून जे उमगत नाही, ते इथे पाच मिनिटांत उमगते.

अरुंद जागा तरी प्रत्येक दातात नीट घडलेली असते का? डमर आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली तिचे चार प्रकार मांडले. एकच ठळक अरुंद जागा, हळूहळू निमुळती होत गेलेली, एकापेक्षा जास्त ठिकाणी आवळलेली आणि लांबवर समांतर राहिलेली. पहिल्या प्रकारात बोटांना अटकाव जाणवतो. बाकीच्यांत बोटे फसतात, कारण अटकाव आधीच येतो किंवा येतच नाही. त्यातून मुळाशी जुना पू असेल तर टोक झिजून अरुंद जागा नाहीशी झालेली असते. लहान वयात मार लागून नस मेलेल्या दाताचे मूळ पूर्ण तयारच झालेले नसते, तिथे टोक उघडेच राहते. अशा दातांसाठी वेगळे आडाखे लागतात आणि पुस्तिकेत त्यांना स्वतंत्र प्रकरण दिले आहे. दुधाच्या दातांचेही तसेच. त्यांची मुळे निसर्गच झिजवत असतो आणि खाली कायमचा दात तयार होत असतो, म्हणून तिथे थोडे अलीकडेच थांबणे शहाणपणाचे.

अर्ध्या मिलिमीटरने असे काय बिघडते, हा प्रश्न विद्यार्थीही विचारतात आणि रुग्णही. फाईल टोकाबाहेर गेली तर नलिकेतला सडका गाळ आणि जंतू हाडाकडे ढकलले जातात. रुग्ण दवाखान्यातून बरा जातो आणि रात्री दाढ ठणकायला लागते. ‘नस काढली म्हणता, मग दुखतं कशाला?’ हा दुसऱ्या दिवशीचा फोन पुष्कळदा इथून येतो. बाहेर जाणाऱ्या फायलींनी फोरामेन फाटून लंबगोल झाला की पुढे भरणही तिथे थांबत नाही. त्याहून गंभीर प्रकार सोडियम हायपोक्लोराईटचा. जंतू मारणारे आणि मेलेली ऊती विरघळवणारे हे उत्तम औषध आहे, पण सुई नलिकेत घट्ट अडकवून जोराने दाबले आणि ते मुळाबाहेर गेले तर असह्य कळ येते, बघता बघता गाल सुजतो, त्वचेखाली रक्त साकळते. म्हणूनच सुईलाही स्टॉपर, म्हणजे रबराची चकती, लावायचा असतो आणि तिने वर्किंग लेंग्थच्या एक-दोन मिलिमीटर अलीकडेच राहायचे असते.

अलीकडे थांबण्याचे दुष्परिणाम इतके आरडाओरडा करत येत नाहीत. रुग्णाला काही जाणवत नाही, कॅप बसते, तो चांगले जेवतो. न धुतलेल्या शेवटच्या भागात जंतू मात्र तसेच राहतात आणि काही वर्षांनी हिरडीवर पुळी येते. स्वीडनमध्ये स्योग्रेन आणि सहकाऱ्यांनी उपचारानंतर ८ ते १० वर्षांनी रुग्णांना पुन्हा तपासले आणि १९९० साली निष्कर्ष मांडले. नस मेलेली आणि मुळाशी आजार झालेला अशा दातांत, ज्यांचे भरण एक्स-रेवर टोकापासून २ मिलिमीटरच्या आत थांबले होते, त्यांतले ९४ टक्के बरे झाले. भरण टोकाबाहेर गेलेल्या दातांत हे प्रमाण ७६ टक्के निघाले आणि २ मिलिमीटरपेक्षा जास्त अलीकडे राहिलेल्यांत ६८. ‘बाहेर जाण्यापेक्षा थोडे अलीकडे बरे’ असे आम्हा दंतवैद्यांच्या तोंडी बसले आहे. नस जिवंत असलेल्या दातात ते बऱ्याच अंशी चालते, कारण शेवटच्या मिलिमीटरमध्ये उरलेली ऊती निरोगी असते. मेलेल्या, कुजलेल्या नसेला तोच नियम लावला तर रोगाची मुख्य वस्तीच मागे ठेवल्यासारखे होते. तरीही हा वाद संपलेला नाही. रिकुची आणि लँगलँड यांनी १९९८ साली ऊतींच्या तपासणीच्या आधारे, नस मेलेली असली तरी अरुंद जागेपलीकडे जाऊ नये, असा आग्रह धरला. लेखिकेने दोन्ही बाजू प्रामाणिकपणे मांडल्या आहेत, हे मला फार महत्त्वाचे वाटते. विद्यार्थ्याला एकच उत्तर देऊन मोकळे होणे सोपे असते.

आता ही लांबी माणसाने कशी कशी मोजली त्याबद्दल. क्ष-किरण सापडण्याआधी बोटांचा स्पर्श, दाताची सरासरी लांबी आणि रुग्णाचे ‘आई गं’ एवढ्यावरच भिस्त होती. रॉंटगेन यांना १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये क्ष-किरण सापडले आणि काही आठवड्यांतच दातांचे पहिले चित्र निघाले. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला एडमंड केल्स नावाचे दंतवैद्य होते. १८९९ साली ते वरच्या पुढच्या दाताची नलिका भरत होते आणि आपण टोकापर्यंत पोचलो की नाही, हा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी नलिकेत शिशाची बारीक तार सरकवली आणि दाताचा एक्स-रे काढला. चित्रात तार स्वच्छ दिसली, ती कुठे संपते तेही दिसले. आज जगातल्या कुठल्याही दवाखान्यात फाईल आत ठेवून जो एक्स-रे काढतात, त्याची सुरुवात अशी आहे. तार गेली आणि फाईल आली, कल्पना तीच राहिली.

केल्सबद्दल आणखी थोडे लिहायला हवे. किरणांचा जोर जुळवण्यासाठी त्या काळी यंत्रासमोर स्वतःचा हात धरून पाहत. केल्सनी वर्षानुवर्षे तसे केले. हाताला कर्करोग झाला, एकामागून एक शस्त्रक्रियांत बोटे गेली, पुढे हात गेला, आणि १९२८ साली असह्य वेदनांत त्यांनी आपले आयुष्य संपवले. या धोक्याची जाणीव झाल्यावर ते इतर दंतवैद्यांना सावध करत राहिले होते. रुग्णाच्या तोंडातली फिल्म स्वतःच्या बोटाने धरून ‘एकच तर आहे’ म्हणणाऱ्या प्रत्येक तरुण डॉक्टरला ही हकीकत माहीत असावी, असे मला कळकळीने वाटते.

एक्स-रेवरून लांबी काढायचे पुष्कळ हिशेब विसाव्या शतकात निघाले. ग्रॉसमन यांच्या नावाने ओळखले जाणारे त्रैराशिक शाळकरी मुलालाही समजेल. आत ठेवलेली २० मिलिमीटरची फाईल चित्रात २२ दिसते आणि दात २४ दिसतो, तर दाताची खरी लांबी वीस गुणिले चोवीस भागिले बावीस, म्हणजे सुमारे २१.८. कागदावर चोख आहे, पण फाईल नलिकेच्या वळणातून गेलेली असली तर चित्रातली तिची लांबी मुळातच अपुरी असते आणि त्रैराशिकाचा पाया हलतो. इंगल यांची रीत जास्त व्यवहारी ठरली. उपचाराआधीच्या एक्स-रेवर दात मोजायचा, समजा तो २२ भरला. चित्रातल्या संभाव्य फुगवट्यासाठी १ वजा करून २१ वर स्टॉपर लावून फाईल आत ठेवायची आणि पुन्हा एक्स-रे काढायचा. फाईल टोकापासून दीड मिलिमीटर अलीकडे दिसली तर तेवढे मिळवून २२.५ आणि त्यातून अरुंद जागेसाठी १ वजा करून २१.५. मुळाजवळचे हाड झिजलेले दिसले तर वजाबाकी दीडची करावी, मूळही झिजले असेल तर दोनची, ही पुस्ती फ्रँक्लिन वाइन यांची. तीनेक मिलिमीटरचा फरक पडला तर बेरीज-वजाबाकीवर विसंबू नये, फाईल बदलून नवा एक्स-रे काढावा.

एक्स-रेची खरी अडचण हिशेबात नाही, चित्रात आहे. लांबी, रुंदी आणि खोली असलेला दात सपाट फिल्मवर सावलीसारखा पडतो. एक्स-रेच्या नळीचा कोन थोडा चुकला तरी दात लांबतो किंवा आखडतो. वरच्या दाढांच्या मुळांवर गालाच्या हाडाची पांढरी सावली येते आणि टोक शोधूनही सापडत नाही. दाढेच्या दोन नलिका एकमेकींमागे लपतात, मग नळी थोडी बाजूला सरकवून दुसरे चित्र घ्यावे लागते. त्यात जिभेकडची नलिका नळीच्या दिशेने सरकलेली दिसते आणि गालाकडची उलट दिशेने. फिल्मच्या जागी आरव्हीजी, म्हणजे डिजिटल एक्स-रे, आल्यापासून चित्र तत्काळ पडद्यावर येते, किरणांचा डोस कमी लागतो, ही मोठीच सोय झाली. पण माऊसने रेघ ओढली की पडद्यावर दशांशात आकडा उमटतो आणि तो फार खरा वाटतो. यंत्राचे मोजमाप आधी ज्ञात लांबीच्या फाईलवर जुळवून घेतले नसेल, तर त्या दशांशाला अर्थ नाही. शिवाय कोनाची चूक आरव्हीजीतही तशीच राहते.

विजेचा मार्ग वेगळा आहे. कस्टर नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने १९१८ सालीच विद्युतप्रवाहाने फोरामेन शोधता येईल असे दाखवले होते, पण ती गोष्ट तिथेच राहिली. १९४२ साली जपानमध्ये सुझुकी कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करत असताना एक विलक्षण गोष्ट त्यांच्या लक्षात आली. नलिकेतले उपकरण आणि तोंडातली श्लेष्मल त्वचा यांच्यामधला विद्युतरोध जवळपास ठरावीक राहतो. टोकियोच्या सुनादा यांनी हे माणसांच्या दातांवर पडताळून १९६२ साली प्रसिद्ध केले. फाईलचे टोक मुळाबाहेरच्या अस्थिबंधापाशी पोचते तेव्हा हा रोध सुमारे ६.५ किलोओहम असतो. दात पुढचा असो की दाढ, माणूस तरुण असो की म्हातारा. मुळाचे टोक शोधणारी यंत्रे, म्हणजे अपेक्स लोकेटर, या शोधातून जन्माला आली. सुरुवातीची यंत्रे नलिका ओली असली की भरकटत, आणि रूट कॅनलमध्ये नलिका कोरडी ठेवून भागत नाही. हायपोक्लोराईट, रक्त, पू, काही ना काही असतेच. यातून वाट काढली ती एकाच वेळी दोन वारंवारितांचा प्रवाह सोडून, दोन्हींच्या विरोधाचे गुणोत्तर पाहण्याच्या युक्तीने. कोबायाशी आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती मांडली आणि मोरिता कंपनीच्या ‘रूट झेडएक्स’ या यंत्रात ती घराघरांत, म्हणजे दवाखान्यादवाखान्यांत पोचली. त्यात ८ किलोहर्ट्झ आणि ४०० हर्ट्झ अशा दोन वारंवारिता वापरतात. नलिकेत वर असताना दोन्ही विरोध जवळजवळ सारखे, म्हणजे गुणोत्तर एकाच्या आसपास. टोक जवळ येते तसे ते झपाट्याने उतरते आणि अरुंद जागेपाशी ०.६७ च्या सुमाराला येते. नलिकेत काय भरले आहे याचा परिणाम दोन्ही विरोधांवर साधारण सारखाच होत असल्याने गुणोत्तरात तो बराचसा पुसला जातो.

खुर्चीतल्या माणसाला यातले काय जाणवते? खालच्या ओठाच्या कोपऱ्यात एक धातूचा आकडा अडकवतात, फाईलच्या दांडीला एक चिमटा लावतात आणि मग टीट-टीट आवाज सुरू होतो, जो हळूहळू जलद होत जातो. घाबरलेल्या आजी विचारतात, ‘डॉक्टर, करंट देताय का?’ त्यांना आधीच सांगितलेले बरे की प्रवाह इतका सूक्ष्म आहे की तो जाणवणारही नाही, आणि दाताच्या मुळाचे टोक किती लांब आहे ते हे यंत्र आवाजाने सांगते. पेसमेकर आहे का, हे मात्र यंत्र लावण्याआधी रुग्णाला विचारायचे आणि असेल तर त्याच्या हृदयरोगतज्ज्ञाशी बोलून घ्यायचे.

पडद्यावरच्या खुणांबद्दल एक गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यावर इथे दोन वाक्ये लिहितोच. ०.५ च्या खुणेवर रेघ आली म्हणजे फाईल टोकापासून अर्धा मिलिमीटरवर आहे, असे नव्हे. वरच्या खुणा मिलिमीटरच्या नाहीतच; फाईल जवळ येते आहे एवढेच त्या सांगतात. भरवशाची जागा ‘अपेक्स’ ही खूण, म्हणजे फोरामेन. तिथपर्यंत जायचे, रेघ स्थिर राहते ना ते पाहायचे, तिथली लांबी मोजायची आणि अर्धा मिलिमीटर कमी करायचा. सुरुवातीलाच रेघ उडी मारून टोकाला गेली तर यंत्राला दोष देण्याआधी दाताकडे बघावे. फाईल जुन्या चांदीच्या भरणाला किंवा धातूच्या कॅपला टेकलेली असते, हिरडीचे रक्त पोकळीत उतरलेले असते, किंवा पोकळी हायपोक्लोराईटने भरून तिन्ही नलिका एकमेकींशी जोडल्या गेलेल्या असतात. पोकळी कापसाने टिपावी, नलिका ओली राहू द्यावी. रेघ जागची हलतच नसेल तर नलिका कोरडी आहे, तुंबली आहे किंवा चिमट्याची वायर आतून तुटली आहे. आणि रबर डॅम लावला नसेल तर लाळ या सगळ्यावर पाणी फिरवते.

पुस्तिकेतले सर्वांत उपयोगी प्रकरण माझ्या मते पाचवे, आणि त्यात ना क्ष-किरण आहेत ना वीज. ते आहे स्टॉपर आणि माथ्यावरची खूण यांच्याबद्दल. फाईल २१ मिलिमीटरची, २५ ची किंवा ३१ ची येते. दाढेला आखूड फाईल बरी पडते, वरच्या सुळ्याला २५ ची अनेकदा अपुरी पडते. फाईलवरची रबराची चकती सरकवून लांबी ठरवायची आणि चकतीची कड दाताच्या ठरलेल्या टोकाला टेकली की थांबायचे. चकती फाईलशी काटकोनात हवी. ती तिरकी झाली तर सगळ्या यंत्रांनी मिळून कमावलेला अर्धा मिलिमीटर तिथल्या तिथे जातो. ज्या टोकावर चकती टेकणार, ते टोक मजबूत आणि सपाट हवे. किडीने पोखरलेले पातळ टोक खूण म्हणून घेतले आणि दोन भेटींच्या मधे रुग्णाने घरी भाकरीची कडक कड चावली, की टोक तुटते आणि केसपेपरवरचा आकडा निरर्थक होतो. म्हणून असे टोक मोजण्याआधीच घासून कमी करावे. कोणत्या नलिकेसाठी कोणते टोक घेतले तेही लिहून ठेवावे. ‘एमबी २०’ एवढे पुरत नाही.

लांबी एकदाच मोजायची नसते, हेही याच प्रकरणात ठळकपणे सांगितले आहे. वाकड्या नलिकेचा वरचा भाग रुंद केला की फाईलला जवळचा, सरळ मार्ग मिळतो आणि तीच लांबी आता फाईलला टोकाबाहेर नेते. त्यामुळे वरचा भाग आधी मोकळा करावा, मग मोजावे, आणि काम संपत आल्यावर पुन्हा मोजावे. अगदी शेवटी कागदी कोन त्या लांबीपर्यंत घालून बघावा. तो कोरडा आला तर ठीक, टोकाला रक्ताचा ठिपका लागला तर थोडे मागे सरकायला हवे.

लेखिकेशी माझा मतभेद एका ठिकाणी आहे. एकच सरळ नलिका असलेल्या पुढच्या दातात लोकेटरचा आकडा स्थिर असेल, तर फाईल आत ठेवून काढायचा एक्स-रे वगळता येईल, असे त्या म्हणतात. रुग्णाला एक किरण तरी कमी, हा त्यांचा हेतू मला पूर्ण मान्य आहे, विशेषतः रुग्ण गरोदर असेल तेव्हा. बाकीच्या वेळी मात्र तो एक एक्स-रे मी सोडणार नाही. लोकेटर लांबी सांगतो, वळण सांगत नाही. दुसरी नलिका राहून गेली आहे का, हे तो सांगत नाही. खालच्या पुढच्या दातांत दुसरी नलिका असण्याचे प्रमाण काही दुर्लक्ष करण्याइतके कमी नाही. फाईल मुळाच्या मध्यावर नसून एका बाजूला दिसली, तर ती दुसरी नलिका शोधण्याची सूचना असते, आणि ती केवळ चित्रातच मिळते. पुढच्या आवृत्तीत त्यांनी यावर फेरविचार करावा, असे सुचवतो.

वाचणाऱ्या दंतवैद्यांकडे एक मागणी आहे, आणि ती पुस्तिकेच्या शेवटच्या पानावरच्या नमुना तक्त्याशी जोडलेली आहे. उपचार संपल्यावर रुग्णाला बिल आणि गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर हा तक्ताही भरून द्यावा : दाताचा क्रमांक, प्रत्येक नलिका, माथ्यावरची खूण, वर्किंग लेंग्थ, शेवटच्या फाईलचा नंबर आणि भरणानंतरचा एक्स-रे. माणसे नोकरीसाठी गाव सोडतात, मुलाकडे राहायला पुण्याला किंवा दुबईला जातात, आणि दहा वर्षांनी तीच दाढ दुखली की अनोळखी दंतवैद्यासमोर बसतात. पहिल्या डॉक्टरने कुठपर्यंत काम केले होते हे त्या दंतवैद्याला कळले, तर कॅप कापण्यापूर्वीच त्याला पुढचे पुष्कळसे ठरवता येईल. तक्ता भरायला दोन मिनिटे लागतात, आणि तो मराठीत छापलेला असल्याने रुग्णालाही वाचता येईल.